दोन जागांवर उमेदवारी: अर्ज भरण्यापासून एक जागा सोडेपर्यंत

निवडणूक जाहीर झाली की अर्ज भरून देणाऱ्या माझ्यासारख्यांकडे एक प्रश्न हमखास येतो: "दोन ठिकाणी उभं राहिलं तर चालतं का?" चालतं. पण विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एकच चित्र असतं, की एक अर्ज भरायचाच आहे, त्याची आणखी एक प्रत दुसरीकडे द्यायची. प्रत्यक्षात त्या दोन स्वतंत्र निवडणुका असतात. निवडणूक निर्णय अधिकारी दोन, सूचक (म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार) वेगळे, अनामत दोन, खर्चाच्या नोंदवह्या दोन. आणि दोन्हीकडे गुलाल उधळला, की खरी परीक्षा त्यानंतरच्या चौदा दिवसांत असते.

हा लेख लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांबद्दल आहे. तिथे लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ आणि निवडणूक आयोजन नियम १९६१ लागू होतात. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांचे कायदे निरनिराळे आहेत. इथली कलमं तिकडे लावू नका. मुंबईत २०१९ मध्ये पराग शाह आणि रईस शेख नगरसेवक असतानाच आमदार झाले आणि दोन्ही पदांवर राहिले, हे अनेकांना आठवत असेल. संसद आणि विधिमंडळ यांच्यातल्या दुहेरी सदस्यत्वाला जशी राज्यघटनेनेच बंदी केली आहे, तशी ती तिथे आड आली नाही. पण मुंबईत चाललं म्हणून आपल्या जिल्हा परिषदेतही चालेल असं समजू नका, त्या संस्थेचा कायदा काढून वाचा.

आधी तुमची जोडी कोणती ते ठरवा

जोडीवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

पहिला प्रकार एकाच सभागृहाच्या दोन जागांचा, म्हणजे लोकसभेचे दोन मतदारसंघ किंवा विधानसभेचे दोन. कलम ३३(७) नुसार एका सार्वत्रिक निवडणुकीत एका सभागृहासाठी जास्तीत जास्त दोन मतदारसंघांतून उभं राहता येतं. एकाच वेळी होणाऱ्या पोटनिवडणुकांनाही हीच मर्यादा आहे. ही मर्यादा १९९६ च्या दुरुस्तीने आली. त्याआधी कितीही जागा लढवता येत. अटलबिहारी वाजपेयी १९५७ मध्ये बलरामपूर, लखनौ आणि मथुरा अशा तीन ठिकाणी उभे होते, निवडून आले ते बलरामपुरातून. एन. टी. रामाराव यांनी १९८५ मध्ये विधानसभेच्या तीन जागा लढवल्या आणि तिन्ही जिंकल्या. आज तसं करता येणार नाही. अर्जाच्या नमुन्यातच "दोनपेक्षा जास्त मतदारसंघांतून माझं नामनिर्देशन झालेलं नाही आणि होणार नाही" अशा आशयाचं प्रतिज्ञापन असतं आणि त्याखाली तुमची सही असते. तिसरीकडे "फक्त टाकून ठेवू" म्हणून अर्ज भरणं म्हणजे आपल्याच सहीला खोटं पाडणं.

दुसरा प्रकार एक लोकसभा आणि एक विधानसभा असा. दोनची मर्यादा प्रत्येक सभागृहासाठी स्वतंत्र मोजली जाते, त्यामुळे ही जोडी कलम ३३(७) मध्ये अडकत नाही. महाराष्ट्रात १९९९ मध्ये दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या होत्या. त्यानंतर वेळापत्रकं वेगळी झाली, तरी असा योग अधूनमधून येतो. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानासोबतच नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक झाली.

तिसरा प्रकार आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो: हातात एक पद आहे आणि दुसऱ्यासाठी उभं राहायचं आहे. आमदाराला खासदारकी लढवायची असते, खासदाराला आमदारकी. उभं राहण्यासाठी आधी राजीनामा देण्याची सक्ती नाही, जिंकल्यावर एक पद सोडावं लागतं. अपवाद पक्ष बदलणाऱ्यांचा. एका पक्षाचे आमदार असताना दुसऱ्या पक्षाच्या चिन्हावर लोकसभा लढवली, तर पक्षांतरबंदीचा प्रश्न उभा राहतो. नीलेश लंके यांनी मार्च २०२४ मध्ये पारनेरच्या आमदारकीचा राजीनामा आधी दिला आणि मग अहमदनगर लोकसभा लढवली, ती यामुळे.

नाव कुठल्या यादीत आहे

दोन्ही सभागृहांसाठी किमान वय २५. लोकसभेसाठी देशातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की पुरे. विधानसभेसाठी त्याच राज्यातल्या यादीत नाव हवं. म्हणजे सावंतवाडीचा मतदार नागपुरातून विधानसभा लढवू शकतो, पण गोव्यातल्या पेडण्याचा मतदार सावंतवाडीतून लढवू शकत नाही.

तुमचं नाव यादीत एकाच ठिकाणी असतं. त्यामुळे एकाच सभागृहाच्या दोन जागांपैकी निदान एकीकडे तुम्ही बाहेरचे मतदार ठरता. तिथे आपल्या नोंदीची मतदार यादीतली प्रमाणित प्रत अर्जासोबत किंवा छाननीच्या वेळी द्यावी लागते. छाननीपर्यंत मुभा आहे म्हणून थांबू नका. ही प्रत तुमचं नाव जिथे आहे तिथल्या कार्यालयातून मिळते आणि निवडणुकीच्या दिवसांत तिथे काय गर्दी असते ते प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. निवडणूक जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दोन-तीन प्रती काढून ठेवा.

तारखांचा तक्ता भिंतीवर लावा

अधिसूचना निघाल्यापासून सातवा दिवस अर्जाचा शेवटचा, त्याच्या दुसऱ्या दिवशी छाननी, छाननीनंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत. मध्ये सार्वजनिक सुट्टी आली तर ती मुदत पुढच्या कामकाजाच्या दिवसावर जाते. २०२४ च्या विधानसभेचं उदाहरण घ्या: अधिसूचना २२ ऑक्टोबर, अर्ज २९ ऑक्टोबरपर्यंत, छाननी ३० ऑक्टोबरला. मग दिवाळी आली आणि माघारीची तारीख ४ नोव्हेंबरवर गेली.

अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेतच घेतले जातात. दोन मतदारसंघांतलं अंतर तीनशे किलोमीटर असेल, तर एकाच दिवशी दोन्हीकडे स्वतः अर्ज देण्याचा बेत करू नका. अर्ज उमेदवाराने किंवा त्याच्या सूचकाने सादर केला तरी चालतो. माझा सल्ला असा, की शक्तिप्रदर्शनाची मिरवणूक एकीकडेच काढा आणि दुसरीकडचा अर्ज दोन-तीन दिवस आधी शांतपणे देऊन टाका. दालनात उमेदवारासह पाचच जणांना प्रवेश असतो आणि शंभर मीटरच्या आत तीनच वाहनं येऊ देतात, त्यामुळे वेळेचा हिशेब गर्दी धरूनच करा.

लोकसभा अनेक टप्प्यांत होते आणि तिथे एक वेगळी शक्यता असते. राहुल गांधी यांनी २०२४ मध्ये वायनाडचा अर्ज ३ एप्रिलला भरला, तिथलं मतदान २६ एप्रिलला झालं. रायबरेलीचा अर्ज त्यांनी ३ मे रोजी, शेवटच्या दिवशी भरला. म्हणजे पहिल्या जागेवरच्या मतदारांनी बटण दाबलं तेव्हा दुसऱ्या उमेदवारीचा अर्ज आलेलाही नव्हता. उलट २०१९ मध्ये प्रकाश आंबेडकर अकोला आणि सोलापूर अशा दोन जागांवर उभे होते आणि दोन्हीकडे मतदान एकाच दिवशी, १८ एप्रिलला होतं. एक शहर विदर्भात, दुसरं कर्नाटकच्या सीमेजवळ. अशा जोडीत शेवटच्या आठवड्यात उमेदवार कुठे राहणार, हे तिकीट मागण्याआधीच ठरवायला हवं. नंतर ते ठरत नाही, दोन्हीकडचे कार्यकर्ते ओढाताण करत राहतात.

कागद: सगळं दोनदा, सगळं मूळ प्रतीत

लोकसभेसाठी नमुना २अ, विधानसभेसाठी २ब. एका मतदारसंघात जास्तीत जास्त चार अर्ज देता येतात. दोन तरी द्याच, वेगवेगळ्या सूचकांच्या सहीने. एका अर्जात चूक निघाली तर दुसरा तारतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला आणि मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात. सूचक त्याच मतदारसंघाचा मतदार असला पाहिजे. आपल्या गावची विश्वासाची माणसं दुसऱ्या मतदारसंघात सूचक म्हणून चालत नाहीत, आणि अपक्षांची दुसरी उमेदवारी सर्वांत जास्त अडखळते ती इथेच. यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक तपासून आधीच तयार ठेवा. दहा लागत असतील तर पंधरा नावं जमवा.

एबी फॉर्मचं नीट समजून घ्या. 'अ' नमुन्यात पक्षाच्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणाला, ते असतं. 'ब' नमुन्यात उमेदवाराचं आणि मतदारसंघाचं नाव असतं. 'ब' प्रत्येक मतदारसंघासाठी वेगळा लागतो, शाईने केलेल्या मूळ सहीचा, आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात. झेरॉक्स नाही, शिक्क्याची सही नाही. एकदा आमच्याकडे दोन्ही मतदारसंघांचे 'ब' नमुने एकाच फाईलमध्ये राहिले आणि ती फाईल पहिल्या गावी गेली. अडीच वाजता ते लक्षात आलं. तीन वाजता तो उमेदवार त्या जागेवर पक्षाचा उमेदवार राहिला नाही. त्या दिवसापासून मी दोन रंगांच्या फाईली वापरतो, मतदारसंघाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून, आणि दोन वेगळ्या माणसांच्या ताब्यात देतो.

मालमत्ता, कर्ज आणि गुन्ह्यांची माहिती देणारं नमुना २६ चं शपथपत्रही दोन्हीकडे स्वतंत्र. एकही रकाना कोरा सोडू नका, सांगण्यासारखं काही नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहा. कोऱ्या रकान्यांची शपथपत्रं स्वीकारता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे. दोन जागांच्या उमेदवाराला इथे एक जास्तीचा धोका असतो. दोन्ही शपथपत्रं आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांना दिसतात आणि विरोधक ती शेजारी ठेवून वाचतात. हातातली रोकड आणि बँकेतली शिल्लक दोन तारखांना वेगळी असणं साहजिक आहे. पण जमिनीचं क्षेत्र, कर्जाची बँक, गुन्ह्यांची संख्या वेगळी दिसली तर उत्तर देता देता नाकी नऊ येतात. एकच मसुदा करून त्यावरूनच दोन्ही टंकलिखित करा आणि दुसऱ्याच्या आधी फक्त तारखेनुसार बदलणारे आकडे ताजे करा.

गुन्हे प्रलंबित असतील तर त्यांची जाहिरात वर्तमानपत्रात आणि दूरचित्रवाणीवर तीन वेळा द्यावी लागते. वर्तमानपत्र त्या त्या मतदारसंघात खपणारं हवं. अकोल्यात वाचल्या जाणाऱ्या पत्रातली जाहिरात सोलापूरला कशी पुरेल?

अनामतीचा हिशेब

लोकसभेला २५,००० रुपये, विधानसभेला १०,०००. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. एका मतदारसंघात अर्ज चार भरले तरी अनामत एकदाच.

आता अनेक जुन्या कार्यकर्त्यांनाही माहीत नसलेली गोष्ट. कलम १५८ नुसार सार्वत्रिक निवडणुकीत एकाच सभागृहाच्या एकापेक्षा जास्त जागा लढवणाऱ्याला एकच अनामत परत मिळते, बाकीची जप्त होते. दोन्हीकडे भरघोस मतांनी जिंकलात तरी. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं हवीत ही अट वेगळीच, ती तर आहेच. तेव्हा विधानसभेच्या दोन जागा म्हणजे १०,००० रुपये गेले असं पहिल्याच दिवशी धरून चाला. एक लोकसभा आणि एक विधानसभा अशी जोडी असेल तर हा नियम लागत नाही.

छाननी, माघार आणि चिन्ह

एकाच टप्प्यातल्या दोन जागांची छाननी एकाच दिवशी असते. छाननीच्या वेळी उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि लेखी अधिकार दिलेली आणखी एक व्यक्ती हजर राहू शकते. तुम्ही जिथे नसाल तिथे वकील पाठवा आणि त्याच्या नावाचं अधिकारपत्र आदल्या दिवशीच सही करून ठेवा. निवडणूक प्रतिनिधीही दोन्हीकडे वेगळे नेमा. राज्यघटनेशी निष्ठेची उमेदवाराची शपथ अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या दिवसाआधी घ्यायची असते. अर्ज देतानाच ती घेऊन तिचा दाखला मागून घ्या, दुसऱ्या ठिकाणच्या फाईलमध्येही त्याची प्रत असू द्या.

एकदा घेतलेली माघार मागे घेता येत नाही. दोनपैकी एक जागा सोडायचा विचार असेल तर तो मुदत संपण्याआधी पक्का करा. कारण मुदतीनंतर तुमचं नाव मतदान यंत्रावर राहणारच.

अपक्षांसाठी खास सूचना: माघारीची वेळ संपून चिन्हवाटप होईपर्यंत एकही पत्रक छापू नका. मुक्त चिन्हांपैकी तीन पसंती क्रमाने द्यायच्या असतात आणि एकच चिन्ह अनेकांनी मागितलं तर चिठ्ठी टाकतात. दोन मतदारसंघांत तुम्हाला दोन वेगळी चिन्हं मिळू शकतात. एकीकडे शिट्टी आणि शेजारच्या मतदारसंघात कपाट, अशा वेळी सीमेवरच्या गावांत जो गोंधळ उडतो तो सभा घेऊन निस्तरत नाही. घरोघरी जाऊनच सांगावं लागतं.

खर्च: दोन खाती, दोन वह्या

अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं उघडायचं असतं. दोन उमेदवाऱ्यांसाठी दोन खाती ठेवा. २०२२ पासून महाराष्ट्रात खर्चमर्यादा लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख आहे. गोव्यात ती ७५ लाख आणि २८ लाख. मर्यादा मतदारसंघानुसार आहे, म्हणून एकीकडे उरलेली रक्कम दुसरीकडे दाखवता येत नाही. संपूर्ण निवडणुकीत एका व्यक्तीला किंवा दुकानाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. दोन्हीकडे तोच मंडपवाला, तोच छापखाना असेल तर बिलंच वेगळी घ्या, मतदारसंघाचं नाव घातलेली. एकाच बिलाचे मागाहून दोन तुकडे पाडायला गेलात तर खर्च निरीक्षक ते पहिल्याच तपासणीत काढतो.

दोन्हीकडे जिंकलात: आता घड्याळ बघा

कायद्याचा हा भाग मी प्रत्येक उमेदवाराला निकालाच्या आदल्या रात्री पुन्हा वाचून दाखवतो. जोडी कोणती, यावर मुदत आणि न पाळल्याचा परिणाम दोन्ही बदलतात.

एकाच सभागृहाच्या दोन जागा जिंकल्या असतील तर कलम ७० आणि नियम ९१ लागू होतात. निवडून आल्याच्या तारखेपासून १४ दिवसांत एक सोडून बाकी जागांचा राजीनामा द्यायचा. निर्णय अधिकाऱ्याने निकाल जाहीर केला ती निवडून आल्याची तारीख. दोन निकाल वेगळ्या दिवशी लागले तर नंतरची तारीख धरायची. मुदत चुकली तर सगळ्या जागा रिक्त होतात. एक नव्हे, दोन्ही. २०२४ मध्ये लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला, मुदत १८ जूनला संपत होती, आणि राहुल गांधी रायबरेली ठेवून वायनाड सोडणार हे १७ जूनला जाहीर झालं. नरेंद्र मोदी यांनी २०१४ मध्ये वाराणसी ठेवून वडोदरा सोडली, इंदिरा गांधी यांनी १९८० मध्ये मेदक ठेवून रायबरेली सोडली, तेव्हाही निवड करावीच लागली होती.

संसद आणि विधानसभा अशी जोडी असेल तर १९५० चे दुहेरी सदस्यत्वाला मनाई करणारे नियम लागतात. मुदत १४ दिवसांचीच, पण ती राजपत्रात निवड प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात, दोन्हींपैकी जे राजपत्र नंतरचं असेल त्यापासून. आणि इथला परिणाम उलटा आहे: मुदतीत विधानसभा सोडली नाही, तर खासदारकी आपोआप जाते. आमदारकी शाबूत राहते. आमदार असताना लोकसभेवर निवडून आलेल्या माणसाने राजीनामा देण्यात चालढकल केली, तर नवं मोठं पद जातं आणि जुनं राहतं. प्रणिती शिंदे आणि वर्षा गायकवाड २०२४ मध्ये आमदार असतानाच लोकसभेवर गेल्या, त्यांना विधानसभेची जागा वेळेत सोडणं भागच होतं. उलट दिशेचं उदाहरण अखिलेश यादव यांचं. मार्च २०२२ मध्ये ते करहलमधून विधानसभेवर आले, निकाल १० तारखेला लागला आणि आझमगडच्या खासदारकीचा राजीनामा त्यांनी २२ तारखेला दिला.

लोकसभा आणि राज्यसभा या दोन्हींवर एकाच सुमारास निवड झाली आणि कुठेही अजून जागा घेतली नसेल, तर १० दिवसांत निवडणूक आयोगाला लेखी कळवायचं, नाहीतर राज्यसभेची जागा रिक्त. आधीपासून राज्यसभेत असलेला सदस्य लोकसभेवर निवडून आला तर विचार करायलाही वेळ मिळत नाही, निवडून आल्याच्या दिवशीच राज्यसभेची जागा रिकामी होते. उदयनराजे भोसले साताऱ्यातून आणि पीयूष गोयल उत्तर मुंबईतून २०२४ मध्ये लोकसभेवर गेले, तेव्हा महाराष्ट्रातल्या राज्यसभेच्या दोन जागा अशाच मोकळ्या झाल्या.

राजीनामा त्या सभागृहाच्या अध्यक्षांना उद्देशून, स्वतःच्या सहीचा, एका ओळीचा लिहा. "काही अटींवर", "पक्षाच्या आदेशानुसार" असं काही घालू नका. तो स्वेच्छेचा आणि खरा आहे अशी अध्यक्षांची खात्री पटावी लागते. सचिवालयातून तारीख आणि वेळ घातलेली पोच घ्या. चौदाव्या दिवसाची वाट पाहू नका, दहाव्या दिवशी काम संपवा.

मागे राहिलेल्या मतदारांना काय सांगायचं

दोन जागा लढवण्याला कायद्याने मुभा दिली आहे, आणि ही मुभा काढून घ्यावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये, हा विषय संसदेचा आहे असं सांगून फेटाळली. निवडणूक आयोगाने २००४ मध्येच सुचवलं होतं, की एकाच जागेची मर्यादा घाला, किंवा जागा सोडणाऱ्याकडून पोटनिवडणुकीसाठी विधानसभेला ५ लाख आणि लोकसभेला १० लाख रुपये घ्या. विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात एकाच जागेची शिफारस केली. कायदा अजून तोच आहे, पण उमेदवाराने मतदारांपाशी स्पष्ट बोलायला कायद्याची गरज नाही.

पोटनिवडणूक सहा महिन्यांत व्हावी असं कलम १५१अ सांगतं. तरी ओमर अब्दुल्ला यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये गंदरबल ठेवून बडगाम सोडलं आणि बडगामची पोटनिवडणूक झाली नोव्हेंबर २०२५ मध्ये. वर्षभर तिथल्या लोकांना आमदार नव्हता, आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या पक्षाने ती जागा गमावली. रस्त्याचं, दवाखान्याचं, पीकविम्याचं काम घेऊन माणूस आमदाराच्या दारात येतो. ते दार वर्षभर बंद राहतं, हे दुसरा अर्ज भरताना मनात असू द्या. मी उमेदवारांना सांगतो, दोन्ही जिंकल्यास कुठली जागा ठेवणार ते प्रचारातच सांगा. काही मतं जातील. पण सोडलेल्या गावात परत जाताना मान खाली घालावी लागणार नाही.

जागा सोडली तरी तिथला एक कागद शिल्लक राहतो. निवडून आल्यापासून ३० दिवसांत दोन्ही मतदारसंघांचा खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, राजीनामा दिलेल्या जागेचासुद्धा. तो दिला नाही तर आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. म्हणून सोडलेल्या जागेची वही आणि बिलं गाडीत राहू देऊ नका, निकालाच्या रात्रीच हिशेबनिसाच्या हातात द्या.